गोल्फचा फटका आणि पायाखालची जमीन

गोल्फच्या स्विंगवर, म्हणजे क्लब (गोल्फची काठी) मागे नेऊन चेंडूवर आणण्याच्या हालचालीवर, वर्षानुवर्षे जे लिहिले गेले, त्यातले बहुतेक कमरेच्या वरचे आहे: पकड, मनगट, डावा हात, खांदे. पायांच्या वाट्याला एकच सूचना यायची, ‘वजन आधी उजवीकडे न्या, मग डावीकडे आणा.’ (इथे सगळीकडे उजव्या हाताने खेळणारा खेळाडू धरला आहे.) बॉबी जोन्स आणि पुढे जॅक निक्लॉस हे नामवंत गोल्फपटू बॅकस्विंगमध्ये, म्हणजे क्लब मागे नेताना, डावी टाच सरळ उचलत. सॅम स्नीड डाउनस्विंगच्या, म्हणजे क्लब खाली चेंडूकडे आणण्याच्या, सुरुवातीला दोन्ही गुडघे वाकवून किंचित खाली बसे. पाहणाऱ्यांना ही त्यांची लकब वाटे.

पायाखालचे बल मोजायची कल्पना मात्र जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये एतिएन-ज्यूल मारे यांनी माणसाच्या चालण्या-उडी मारण्याचा जोर नोंदवणारी फळी बनवली होती. गोल्फपर्यंत हे तंत्र पोहोचायला १९६७ उजाडले. त्या वर्षी स्वीडनच्या स्वेन कार्लसो यांनी स्विंगमधल्या बलांचे विश्लेषण प्रसिद्ध केले.

पुढच्याच वर्षी अ‍ॅलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्ज यांचे पुस्तक आले आणि गाजले. गोल्फ सोसायटी ऑफ ग्रेट ब्रिटनने चालवलेल्या संशोधनाचे ते फळ. त्यात स्विंग म्हणजे जोडलंबक: हात हा वरचा लंबक, क्लब हा खालचा, आणि दोन्ही छातीतल्या एका स्थिर बिंदूभोवती फिरणारे. चेंडू आणि क्लबहेडचा (क्लबच्या टोकाचा) संपर्क जेमतेम अर्धा मिलिसेकंद टिकतो, म्हणजे त्या क्षणी खेळाडूला काहीच करता येत नाही, हेही त्यांनी मांडले. एवढी शक्ती हातांच्या स्नायूंतून निघणे अशक्य, ती पाय आणि कमरेतूनच यायला हवी, हा हिशेबही त्यात होता. पण लोकांच्या लक्षात राहिला तो लंबक, आणि लंबकाला पाय नसतात!

१९८३ साली विल्यम्स आणि कॅव्हनॉ यांनी स्विंगमधल्या पावलांच्या हालचालींचा अभ्यास केला, तोही बुटांच्या रचनेसाठी काय शिकता येईल या दृष्टीने. दोन पावले अगदी वेगळी कामे करतात, हे त्यात दिसले.

खरी गंमत २००७ ची. ऑस्ट्रेलियातल्या केव्हिन बॉल आणि रसेल बेस्ट यांनी ६२ गोल्फपटूंच्या पायाखालच्या दाबाचा केंद्रबिंदू कसा सरकतो ते पाहिले. त्यांना दोन घराणी सापडली. एकात दाब डाव्या पायाकडे जातो आणि चेंडू लागेपर्यंत तिकडेच राहतो. दुसऱ्यात तो आधी डावीकडे जातो, पण चेंडू लागताना उजवीकडे परततो. दुसरा प्रकार प्रशिक्षकांच्या लेखी सरळ चूक होता. पण दोन्ही घराण्यांत चांगले खेळाडू निघाले.

घोळ होता तो ‘वजन’ आणि ‘बल’ एकच समजण्याचा. वजनकाट्यावर उभे राहून पटकन गुडघे वाकवा: काटा आधी खाली येतो, मग खाली जाणे थांबवताना वर उसळतो. तुमचे वजन तेच असते, बदलते ते जमिनीचे प्रतिबल, म्हणजे जमीन तुम्हाला उलट ढकलते तो जोर. स्नीडची ती बैठक म्हणजे नेमके हेच.

यंग-हू क्वॉन आणि साशो मॅकेन्झी यांच्यासारख्या अभ्यासकांनी पुढे ही बले तीन वाटांनी पाहायला शिकवले. आधी बाजूला ढकलणे. मग फिरणे: डावा पाय जमिनीला चवड्याच्या दिशेने रेटतो, उजवा टाचेच्या दिशेने, आणि जमीन दोघांना उलट ढकलून अंग वळवते. शेवटी डाव्या पायाने वर उसळणे. डाउनस्विंग पाव सेकंदाच्या आसपास संपतो आणि वरच्या दिशेचे बल चेंडू लागण्याच्या बरेच आधी शिगेला पोहोचते. अमेरिकन गोल्फपटू जस्टिन थॉमसच्या टाचा हवेत दिसतात तो फोटो म्हणजे काम उरकल्यानंतरची खूण. ती पाहून चेंडू लागताना उडी मारणारे हौशी खेळाडू उशिरा पोहोचतात.

आज प्रशिक्षकांकडे दोन प्रकारची साधने असतात. दाब मोजणारी मॅट स्वस्त आणि सुटसुटीत, पण ती फक्त कोणत्या पायावर किती भार आहे हे सांगते. आडवी, फिरवणारी बले दाखवायला फोर्स प्लेटच (सगळ्या दिशांची बले मोजणारी फळी) लागते, आणि ती महाग असल्याने पुष्कळ ठिकाणी मॅटवरच्या टक्केवारीलाच अजून ‘वजन’ म्हटले जाते.