सोन्याच्या डबीतलं पोलाद

सांगलीच्या सराफ कट्ट्यावर परवा एक गृहस्थ आजोबांचं साखळीचं घड्याळ मोडीत घालायला आले होते. केस, म्हणजे बाहेरची डबी, अठरा कॅरटची; त्यात ७५ टक्के सोनं. काट्यावर तीच चढली. आतलं यंत्र काढून बाजूला ठेवलेलं. मला राहवेना. विचारून उचललं आणि आयग्लास, म्हणजे घड्याळजीचं भिंग, डोळ्याला लावली.

घड्याळाची चाल ठरवणाऱ्या बॅलन्सच्या चक्राची कड दोन जागी चिरलेली होती. गृहस्थ म्हणाले, ‘‘तुटलंय ना ते?’’ तुटलेलं नव्हतं. तो काप मुद्दाम दिलेला असतो, आणि जुन्या अचूक घड्याळांचा संग्राहक आधी तोच शोधतो.

हे चक्र केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या जोरावर मागेपुढे डोलतं. अशा घड्याळांत बहुधा तासाला १८,००० ठोके, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. पण स्प्रिंग पोलादाची. पोलाद तापलं की त्याचा ताठपणा कमी होतो, डोलणं मंदावतं. एका अंशामागे दिवसाला सुमारे ११ सेकंद! पौषातली पहाट आणि वैशाखातली दुपार यांत आपल्याकडे सहज वीस अंशांचं अंतर. तेवढ्यात घड्याळ दिवसाला साडेतीन मिनिटांहून जास्त मागे पडेल.

उपाय त्या कडेतच आहे. कड दोन धातूंची: बाहेर पितळ, आत पोलाद. उन्हाने पितळ जास्त फुगतं, म्हणून चिरलेल्या कडेची मोकळी टोकं आत वळतात. वजन मध्याजवळ आलं की चक्र हलकं फिरतं आणि स्प्रिंगचा मंदपणा भरून निघतो. कडेवरचे इवलेसे स्क्रू उत्तम घड्याळांत सोन्याचे असतात, कारण थोड्या जागेत जास्त वजन मावतं. सोनं इथे खरं कामाला येतं!

तरीही मधल्या तापमानाला थोडी चूक उरायचीच. स्विस शास्त्रज्ञ शार्ल गियोम यांनी निकेल-पोलादाच्या मिश्रधातूंनी तीही जवळजवळ मिटवली. याच मिश्रधातूंवरच्या कामासाठी त्यांना १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. अशा मिश्रधातूचं चक्र, म्हणजे गियोम बॅलन्स, असलेलं घड्याळ आटवायला देणं मला तरी पाहवणार नाही.

२०१९ च्या महापुरातून निघालेलं एक घड्याळ मी पाहिलंय. केस धुतली तशी लखलखली. आत स्प्रिंग गंजून गेलेली.

गृहस्थांचं नशीब चांगलं, त्यांचं यंत्र कोरडं होतं. तेल मात्र वाळलेलं असणार, म्हणून चावी देऊ दिली नाही. तसेच घड्याळजींकडे गेलो. त्यांनी चक्रावर हलकी फुंकर मारली. चक्र डोललं, थांबेना.