रिक्वेस्ट स्मगलिंग: दोन सर्व्हरांच्या मोजणीतली फट

लातूरच्या शिकवणीचं निकालाचं पोर्टल असो की छत्रपती संभाजीनगरच्या पतसंस्थेचं ऑनलाइन खातं, मांडणी बहुधा एकच: पुढे विनंत्या स्वीकारून वाटून देणारा सर्व्हर (एन्जिनएक्स, एचएप्रॉक्सी किंवा क्लाउडचा लोड बॅलन्सर), मागे प्रत्यक्ष काम करणारा टॉमकॅट नाहीतर नोड. अनेकांच्या विनंत्या पुढचा सर्व्हर मोजक्याच कनेक्शनांवरून मागे धाडतो. एक विनंती कुठे संपली यावर दोघांचं एकमत नसेल, तर उरलेले बाइट दुसऱ्याच कुणाच्या विनंतीला चिकटतात. याचा फायदा घेणारा हल्ला म्हणजे रिक्वेस्ट स्मगलिंग.

याचं मूळ १९९७चं. त्या जानेवारीत आलेल्या एचटीटीपी १.१ने (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संवादाच्या नियमांची आवृत्ती) कनेक्शन उघडं ठेवणं हीच रीत केली आणि मजकुराची लांबी सांगायच्या दोन पद्धती दिल्या; दोन्ही हेडरमध्ये, म्हणजे मजकुराआधीच्या माहितीच्या ओळींत, येतात. कंटेंट-लेंग्थ एकूण बाइट आधीच सांगतो. ट्रान्सफर-एन्कोडिंग चंक्ड तुकड्यातुकड्याने देतो आणि शून्य लांबीच्या तुकड्यावर थांबतो. मोंढ्यात एकाने सोयाबीन वजनावर घ्यावं आणि दुसऱ्याने रिकामं पोतं येईपर्यंत, तसं हे. मापात फरक पडला की उरलेला माल पुढच्या शेतकऱ्याच्या ढिगात जातो.

दोन्ही हेडर आले तर कंटेंट-लेंग्थकडे दुर्लक्ष करा, असं १९९९चं मानक सांगत होतं. पण विनंती नाकारा असं ते म्हणत नव्हतं. खरी गोची तिथेच झाली. २००५मध्ये वॉचफायर या सुरक्षा कंपनीच्या लिनहार्ट, क्लाइन, हेलेड आणि ऑरिन यांनी हा हल्ला नाव देऊन मांडला. २०१४च्या मानकाने असा संदेश चूक समजावा असं सुचवलं, तरी विषय मागेच पडला. २०१९मध्ये सुरक्षा संशोधक जेम्स केटल यांनी याच वाटेने पेपल या ऑनलाइन पेमेंट कंपनीच्या लॉगिन पानापर्यंत पोहोचता येतं हे दाखवलं, तेव्हा सगळे खडबडून जागे झाले.

सर्वांत साधा प्रकार पाहा. कंटेंट-लेंग्थ ६, सोबत चंक्ड. मजकुरात शून्य, दोनदा ओळबदल (प्रत्येकी दोन बाइट) आणि शेवटी ‘जी’ हे एक रोमन अक्षर. पुढचा सर्व्हर कंटेंट-लेंग्थ मानून सहाही बाइट पाठवतो. मागचा चंक्ड मानतो, म्हणून त्याच्या लेखी विनंती पाचव्या बाइटलाच संपली. उरलेलं ‘जी’ पुढच्या ग्राहकाच्या ‘पोस्ट’ला चिकटून ‘जीपोस्ट’ होतं आणि त्या बिचाऱ्याला विनाकारण एरर दिसतो. एका अक्षराच्या जागी अख्खी विनंती ठेवली, की दुसऱ्याची कुकी (लॉगिनची ओळख पटवणारी खूण) चोरणं किंवा पुढच्या सर्व्हरवरची बंदी चुकवणं शक्य होतं.

एचटीटीपी २ आल्यावर हे संपेल असं वाटलं होतं, कारण त्यात विनंती फ्रेम नावाच्या तुकड्यांत जाते आणि प्रत्येक फ्रेमच आपली लांबी सांगते. पण पुढचा सर्व्हर तीच विनंती १.१मध्ये उतरवून मागे देतो आणि हल्लेखोराचा खोटा कंटेंट-लेंग्थ तसाच पुढे सरकतो. २०२१मध्ये नेटफ्लिक्सवरही हे जमलं. त्याच वर्षी एचएप्रॉक्सीत सापडलेली चूक तर फार मासलेवाईक होती. हेडरच्या नावाची लांबी आठ बिटांत ठेवली जाई, म्हणून २७० अक्षरांचं नाव १४ अक्षरांचं ठरे. रोमन लिपीत कंटेंट-लेंग्थ नेमकं चौदा अक्षरांचं, मधली आडवी रेघ धरून!

उपाय करताना विनंती दुरुस्त करायच्या फंदात पडू नये. दोन्ही हेडर, वेगवेगळे दोन कंटेंट-लेंग्थ किंवा हेडरचं नाव आणि त्यापुढचं कोलन (:) यांच्यामध्ये मोकळी जागा दिसली, की ४०० (चुकीची विनंती) हा एरर देऊन कनेक्शन तोडावं. अपाचे या सर्व्हरमध्ये २.४.२५पासून कडक तपासणी मुळातच चालू आहे; जुन्या अ‍ॅपसाठी ती कुणी सैल केली असेल तर पूर्ववत करावी. एन्जिनएक्स वर्षानुवर्षं मागच्या बाजूला एचटीटीपी १.० वापरून दर विनंतीनंतर कनेक्शन बंद करायचा. वेगासाठी कीपअलाइव्ह (कनेक्शन उघडं ठेवणं) चालू केलं की हे संरक्षण जातं. दोन्ही सर्व्हर एकाच मशीनवर असलेल्या छोट्या साइटने कीपअलाइव्ह बंदच ठेवावं; वेगात जाणवेल असा फरक पडत नाही. मोठ्या साइटने मागेही एचटीटीपी २ न्यावं.

तपासणी स्टेजिंगवरच, म्हणजे साइटच्या चाचणीसाठीच्या प्रतीवरच, करावी. कंटेंट-लेंग्थ ४ आणि चंक्ड देऊन मजकुरात १, ओळबदल, एक अक्षर, ओळबदल आणि आणखी एक अक्षर पाठवा. पुढच्याने चारच बाइट दिले आणि मागचा उरलेल्याची वाट पाहत अडकला, तर फट आहे. उलट क्रमाची (पुढचा चंक्ड आणि मागचा कंटेंट-लेंग्थ मानतो का, याची) चाचणी यानंतरच करावी. ही पहिली फट असलेल्या सर्व्हरवर ती चाचणी चालवली, तर तिचे उरलेले बाइट दुसऱ्या कुणाच्या तरी विनंतीला जाऊन चिकटतात.