अंगण खरंच वाकडं असेल तर?

कामात चूक झाली आणि माणसानं यंत्राकडे, जागेकडे किंवा अपुऱ्या वेळेकडे बोट दाखवलं की आपल्याकडे म्हण तयारच असते: नाचता येईना, अंगण वाकडे. अंगण एकदा बघून तर येऊ, असं कुणी म्हणत नाही.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलात बी-१७ या बॉम्बफेकी विमानांचं असंच झालं. विमान सुखरूप उतरायचं आणि मग धावपट्टीवरच पोटावर बसायचं, कारण वैमानिक पंखांचे फ्लॅप, म्हणजे उतरताना उघडायच्या झडपा, मिटवायला जायचा आणि चाकंच मिटवून टाकायचा. शेरा ठरलेला: वैमानिकाची चूक. अल्फॉन्स चॅपानिस हा तरुण मानसशास्त्रज्ञ कॉकपिट पाहायला गेला. दोन्ही खटके शेजारी-शेजारी आणि दिसायला जुळे भाऊ! सी-४७ विमानात त्यांची मांडणी वेगळी होती. तिथले वैमानिक ही चूक जवळजवळ करतच नव्हते. चॅपानिसनं चाकांच्या खटक्याला छोटं चाक बसवलं आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचर. अंधारातही हाताला फरक कळू लागला. आजही विमानात चाकांच्या दांड्याची मूठ चाकाच्याच आकाराची असते.

माणूस दिसतो, परिस्थिती दिसत नाही. म्हणून दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो. या खोडीला मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये नाव दिलं, ते मराठीत ‘मूलभूत आरोपण दोष’ असं म्हणता येईल. नाव जड आहे, अनुभव रोजचा. सहकारी उशिरा आला तर तो बेशिस्त. आपल्याला उशीर झाला तर लोकल रखडली होती.

यावर हॅरॉल्ड केली यांनी १९६७ मध्येच तीन प्रश्न मांडले होते. या जागी इतरही असंच वागतात का? हा माणूस दुसरीकडेही असाच वागतो का? आणि दर वेळी वागतो का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचं ‘नाही’ आलं, तर अंगणाकडे बघायची वेळ झाली. सी-४७ च्या तुलनेनं नेमकं हेच दाखवलं होतं.

पण साहेबाच्या खुर्चीत बसून हे प्रश्न विचारणं सोपं नाही. १९८० मध्ये मिचेल आणि वुड यांनी रुग्णालयातल्या परिचारिकांच्या पर्यवेक्षकांपुढे चुकांचे प्रसंग ठेवले. समजा, पलंगाचा कठडा वर करायचा राहिला. रुग्ण पडला नाही, तर गोष्ट सौम्यपणे घेतली गेली. पडला, तर दोष परिचारिकेच्या स्वभावाचा आणि कारवाईही कडक. चूक तीच, हलगर्जीपणा तेवढाच; फरक फक्त नशिबाचा. आपल्या कचेऱ्यांमधल्या ‘कारणे दाखवा’ नोटिशीचं मला यासाठीच हसू येतं. कारण आधीच ठरवून मग ते मागायचं!

ही खोड सगळीकडे सारखी नाही, हे कळलं त्यात आपल्या शेजारच्या म्हैसूरचा वाटा आहे. जोन मिलर यांनी शिकागो आणि म्हैसूरमधल्या लोकांची तुलना केली. निष्कर्ष १९८४ मध्ये आले. त्यातला एक प्रसंग वकिलाचा आहे. त्याच्या मोटारसायकलवर मागे बसलेला माणूस पडतो. वकील त्याला दवाखान्यात सोडतो, जखम किती गंभीर आहे हे न विचारता कोर्टात जातो, आणि तो माणूस दगावतो. अमेरिकी प्रौढांना त्यात वकिलाचा बेजबाबदारपणा दिसला. भारतीयांनी कोर्टातलं कर्तव्य, प्रसंगाचा गोंधळ असल्या गोष्टी पुढे केल्या.

आठ वर्षांच्या मुलांमध्ये मात्र हा फरक जवळजवळ नव्हता. तो वयाबरोबर वाढत गेला, म्हणजे शिकलेला होता. मग परिस्थितीला इतकं मोजणाऱ्या आपल्याच लोकांनी अंगणाला दोष देणाऱ्याची टर उडवणारी म्हण कशी केली, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.