पंधरा सिगारेटींचा फॉरवर्ड

‘एकटं वाटणं म्हणजे रोज 15 सिगारेटी ओढणं’ हे वाक्य व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतंय. त्याचं मूळ 2010 च्या एका संशोधनात आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी 148 अभ्यासांतल्या तीन लाखांवर माणसांची माहिती एकत्र केली. ज्यांचे नातेसंबंध भक्कम, त्यांची जगण्याची शक्यता सुमारे 50 टक्क्यांनी जास्त निघाली. सिगारेटींशी तुलना झाली ती या आकड्याची. ‘एकटं वाटण्या’ची नव्हे!

2015 मध्ये त्यांच्याच गटाने एकटेपणाची भावना वेगळी मोजली, तेव्हा मृत्यूची शक्यता 26 टक्क्यांनी वाढलेली दिसली. हेही थोडं नाही. पण रोज 15 सिगारेटींचा धोका याच्या कितीतरी पट असतो. शिवाय आजारी माणूस घरातच अडकतो आणि एकटा पडतो, म्हणजे कारण उलटंही असू शकतं.

फॉरवर्डमध्ये खरी कामाची गोष्ट गळालीच. 2010 मध्ये सर्वांत ठळक फरक दिसला तो अनेक प्रकारच्या संबंधांत गुंतलेल्या लोकांत. घर, शेजार, भिशी, भजनी मंडळ, ऑफिसात चौघांत उघडलेला डबा, हे सगळं त्यात आलं. नुसते पाचशे कॉन्टॅक्ट नव्हेत.