धोकटीतला जुना वस्तरा आला कुठून आणि गेला कुठं

जुन्या माळवदाच्या घरात, कोनाड्यात नाहीतर पत्र्याच्या पेटीत कधीकधी एखादा घडीचा वस्तरा सापडतो, पात्याच्या बुडाशी बारीक अक्षरात 'शेफील्ड' किंवा 'सोलिंगेन' कोरलेलं असतं आणि पहिला प्रश्न हाच पडतो की हा आपल्याकडं आला कसा. याची सुरुवात मी तरी शेजारच्या जिल्ह्यापासून करतो. नांदेडला लागून तेलंगणातला निजामाबाद जिल्हा, तिथलं कोनासमुद्रम हे गाव वूट्झ पोलादासाठी नावाजलेलं, मातीच्या मुशीत लोखंड वितळवून त्याच्या छोट्या लाद्या काढायचे आणि त्या घ्यायला थेट इराणचे व्यापारी यायचे. हेन्री व्हॉयसी नावाच्या इंग्रजानं हे सगळं बघून लिहिलेलं वर्णन 1832 मध्ये छापलं गेलं. तेव्हा मराठवाडा आणि कोनासमुद्रम दोन्ही निजामाच्याच राज्यात होते, म्हणजे हे पोलाद आपल्या घरचंच म्हणायचं.

आता लंडनला जाऊ. तिथं जेम्स स्टोडार्ट नावाचा शस्त्रक्रियेची हत्यारं आणि वस्तरे बनवणारा कारागीर होता, त्याला हिंदुस्थानातलं वूट्झ युरोपातल्या पोलादापेक्षा भारी वाटायचं आणि तो ते छापील कार्डावर सांगायचा सुद्धा. त्यानं आणि मायकेल फॅरेडेनं, हो तोच विजेचा फॅरेडे, 1820 च्या आसपास वूट्झचं गुपित शोधायला पोलादात वेगवेगळे धातू मिसळून बघितले. 500 भाग पोलादात 1 भाग चांदी घातली तर पोलाद सुधारतं असं त्यांना आढळलं, फॅरेडेनं अशा प्रयोगातल्या पोलादाचे वस्तरे मित्रांना भेट दिले. पुढं इंग्लंडमधल्या शेफील्डच्या कितीतरी वस्तऱ्यांवर 'सिल्व्हर स्टील' असा शिक्का यायला लागला तो त्यामुळंच. त्यामुळं असा शिक्का दिसला की मला मोठा अभिमान वाटतो, कारण त्या प्रयोगांचं मूळ आपल्या दख्खनच्या भट्ट्यांपर्यंत जातं.

अर्थात शेफील्डचं स्वतःचं काम वेगळं आणि आधीचं. बेंजामिन हंट्समननं 1740 च्या दशकात मुशीत पोलाद वितळवायची पद्धत बसवली आणि तिथून वस्तऱ्याला एकसारखं कडक पोलाद मिळायला लागलं. आधीची पाती जाड, पाचरीसारखी असायची, नंतर 19 व्या शतकाच्या शेवटी जर्मनीच्या सोलिंगेननं दोन्ही बाजूंनी पोकळ घासलेली पातळ पाती आणून बाजार मारला.

आपल्याकडं मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत हैदराबादला जाणारी रेल्वे 1900 मध्ये सुरू झाली आणि मुंबई बंदरातला माल पोचणं सोपं झालं. गावात वारीक म्हणजे न्हावी हा बलुतेदार, वर्षभर पारावर किंवा घरी येऊन दाढी-डोई करायची, जावळं काढायची, आणि सुगीला खळ्यावर ज्वारीचं बलुतं घ्यायचं. त्याच्या धोकटीत, म्हणजे हत्यारांच्या पिशवीत, वस्तरा, कात्री, नखं काढायची नराणी, आरसा, पाण्याची वाटी, तुरटी, धार लावायचा दगड म्हणजे पथरी आणि चामड्याचा पट्टा. यातला पट्टा आणि पथरी नसेल तर वस्तरा आठवड्यात निकामी, हे लोक विसरतात.

पथरीवर पात्याची पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकवायची, पाठ जाड असल्यामुळं कोन आपोआप जमतो, आणि धार पुढं ठेवून ओढायचं. पट्ट्यावर बरोब्बर उलटं, पाठ पुढं आणि धार मागं, टोकाला गेल्यावर पातं पाठीवर लोळवून पलटायचं, धारेवरून पलटलं तर पट्टाही चिरतो आणि धारही जाते. पथरी पोलाद झिजवते म्हणून ती अधूनमधून, पट्टा मात्र रोज, कारण दाढी करताना वाकलेली बारीक धार तो सरळ करतो.

मग किंग कॅम्प जिलेटचं फेकून द्यायचं ब्लेड आलं. 1903 मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी फक्त 51 रेझर आणि 168 ब्लेडं खपली, पण पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या हाती हे रेझर गेले आणि घरच्या घरी दाढी करायची सवय जगभर पसरली. तरी सलूनमधला वस्तरा टिकून होता. 1986 मध्ये भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण चेन्नईत सापडले, पुढं जनजागृती झाली, गिऱ्हाईक 'नवीन ब्लेड टाका' म्हणायला लागलं आणि अर्धं ब्लेड अडकवायचा वस्तरा सगळीकडं आला. ते बरोबरच झालं, एकच पातं दहा जणांच्या गालावरून फिरवणं धोक्याचंच होतं. पण त्यासोबत पट्टा गेला, पथरी गेली आणि धार लावायचा हातही गेला याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून कुणाला जुना वस्तरा सापडला तर एक विनंती, तो सायकलच्या चाकावर धार लावणाऱ्याकडं अजिबात नेऊ नका. कोरड्या चाकावर ती पातळ धार क्षणात तापून निळी पडते, पोलादाचं पाणी उतरतं आणि मग तिथं पुन्हा धार टिकत नाही. गंज हलक्या हातानं तेल लावून काढा, हे पोलाद स्टेनलेस नाही त्यामुळं वापरल्यावर लगेच कोरडं पुसा आणि पावसाळ्यात शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवून ठेवा. मूठ जुन्या सेल्युलॉइडची असेल तर वस्तरा बंद डब्यात ठेवू नका, ते सेल्युलॉइड सडताना त्यातून निघणाऱ्या वाफेनं चांगलं पातंसुद्धा गंजतं. आणि दाढी करायची तर तो एकाच माणसाचा ठेवा.