मातानुस्का खोरे : शेती आणि हिवाळ्याची बेगमी

अमेरिकेच्या अलास्का राज्यातील, अँकरेजच्या ईशान्येला असलेले शेतीप्रधान खोरे. पामर हे त्यातले मुख्य गाव. ते सुमारे 61.6° उत्तर अक्षांशावर वसले आहे.

1935 साली महामंदीत होरपळलेल्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि मिशिगन या राज्यांतील सुमारे 200 कुटुंबांना सरकारने येथे आणून वसवले. चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला साधारण 40 एकर जमीन दिली. ती बहुतांशी जंगलाखाली होती. पहिला उन्हाळा तंबूंत गेला; झाडे तोडणे, खुंट उपटणे आणि घर उभारणे एकाच वेळी चालू होते. काही वर्षांतच अनेक कुटुंबे परत गेली. जी टिकली, त्यांना पिकवण्याइतकेच साठवणेही शिकावे लागले. या वसाहतीची खरी परीक्षा तिथेच होती.

पिकांना मेअखेरपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत जेमतेम वेळ मिळतो, पण जूनमध्ये सूर्य सुमारे 19 तास मावळत नाही. हिमनद्यांच्या पात्रांतून वाऱ्याने आणलेल्या बारीक गाळाची जमीनही सुपीक आहे. कोबी, बटाटा, गाजर, सलगम, वाटाणा आणि जव यांना हे मानवते. 2012 साली पामरच्या अलास्का राज्य जत्रेत 62.7 किलोचा कोबी तोलला गेला आणि तो विश्वविक्रम ठरला. मात्र हाच लांब दिवस पालकाला बाधतो; पाने पोसण्याआधीच तो फुलोऱ्यावर येतो. टोमॅटो हरितगृहाशिवाय नीट पिकत नाही.

एवढे पीक थोड्या आठवड्यांत हाती येते आणि पुढे सात-आठ महिने पुरवायचे असते. त्यासाठी मुख्य आधार कंदांच्या तळघराचा. जमीन गोठते ती वरून. पुरेसे खोल खणून वर मातीचा जाड थर दिला की आत गोठणबिंदूच्या जरा वरचे, दमट तापमान टिकते. गाजरांचा पाला मुळाशी कापतात, कारण तो पाणी ओढून गाजर सुरकुतवतो. ती न धुता ओलसर वाळूत थर लावून पुरतात. बटाटे अंधारात ठेवतात, उजेड लागला तर ते हिरवे पडतात. दर काही दिवसांनी चाचपून कुजलेला बटाटा काढतात. एक राहून गेला तरी शेजारचे नासतात.

कोबी बारीक चिरून, मीठ चोळून मातीच्या बरणीत दाबतात आणि वर वजन ठेवतात. सुटलेल्या पाण्याखाली तो आंबतो. वाटाणे, सॅमन मासे आणि मूस या मोठ्या हरणाचे मांस काचेच्या बरण्यांत भरून प्रेशरखाली शिजवतात. साध्या उकळीने बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूंचे बीजाणू मरत नाहीत, त्यामुळे इथे हयगय जिवावर बेतते.

ऑगस्ट-सप्टेंबर हे पावसाचे महिने असल्याने गवत सुकवणे कठीण. म्हणून गुरांसाठी मुरघास, म्हणजे हवाबंद दाबून मुरवलेला ओला चारा, करतात.

साठवणीची ही विद्या वसाहतवाल्यांनी येथे प्रथम आणली, असे समजणे चूक ठरेल. येथील डेनाइना लोक त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या सॅमन वाळवून, धुरी देऊन भूर्जसालीचे अस्तर लावलेल्या खड्ड्यांत ठेवत आले होते. तळघराचे तत्त्व तेच आहे.

अलास्कात आज बहुतेक अन्न बाहेरून येते, आणि खोऱ्यातल्या कसदार जमिनीवर घरे उभी राहत आहेत. वसाहतीच्या काळातले लाकडी गोठे मात्र पामरच्या आसपास अजून पाहायला मिळतात.