ढकलपास, फेरपरीक्षा आणि समुपदेशक : पार्श्वभूमी

पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा परत आल्यापासून मुलांवरच्या ताणाची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. शाळेत मुलांच्या मनाचा विचार करणं हे अलीकडचं फॅड आहे, असा सूर त्यात हमखास लागतो. तो चुकीचा आहे. पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं बालशिक्षणाचं जे काम सुरू झालं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वाढलं, त्यात हा विचार पायाशीच होता. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तिथे कुरणशाळा भरली. मूल शाळेत येत नाही यात खोट मुलाची नाही, शाळेची आहे, हे ती माणसं तेव्हाच धरून चालली होती. पन्नाशीच्या आणि साठीच्या दशकांतल्या आयोगांनी शाळांमध्ये मार्गदर्शन आणि समुपदेशन हवं असं लिहून ठेवलं. अभ्यासाच्या ओझ्याचा विचार करणाऱ्या १९९३ च्या यशपाल समितीने तर दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचं ओझं जास्त जड असतं, असं स्पष्ट सांगितलं. त्या अहवालातला दप्तराचा भाग तेवढा लोकांच्या लक्षात राहिला.

आजच्या वादाचं मूळ मात्र १ एप्रिल २०१० रोजी लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. त्यातली तीन कलमं एकत्र वाचावी लागतात. कलम १६ (मूळ रूपात) : आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला मागे ठेवायचं नाही, शाळेतून काढायचं नाही. कलम १७ : शारीरिक शिक्षा नाही आणि मानसिक छळही नाही. कलम २९ : मुलाला भीती, धक्का आणि चिंता यांपासून मोकळं ठेवायचं आणि त्याचं आकलन सतत, सर्व बाजूंनी तपासायचं. पहिल्या कलमाचं लोकांनी बारसं केलं ‘ढकलपास’. बाकीची दोन कोणाच्या फारशी तोंडी आलीच नाहीत.

महाराष्ट्रात ऑगस्ट २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय निघाला. आकारिक (शिकताना चालू असलेलं) आणि संकलित (सत्राअखेरचं) मूल्यमापन, गुणांऐवजी श्रेणी आणि प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी अशी त्याची रचना होती. मूल खालच्या श्रेणीत राहिलं तर त्याला पूरक मार्गदर्शन देऊन वर आणण्याची जबाबदारी शाळेची होती. कागदावर ही रचना फार चांगली होती, हे आजही म्हणायला हवं. मूल वर्गात बोलतं का, चुकल्यावर पुन्हा प्रयत्न करतं का, कोणाशी खेळतं, कशाला बिचकतं, हे सगळं लिहायची अधिकृत जागा शिक्षकांना पहिल्यांदाच मिळाली होती.

त्या जागेचं काय झालं, ते शिक्षकांना ठाऊक आहे. तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात आल्या. ‘वर्गात उत्साहाने सहभागी होतो’, ‘इतरांना मदत करतो’ अशी वाक्यं चाळीस-चाळीस मुलांच्या पुढे उतरवली गेली. याचा दोष एकट्या शिक्षकांना देणं अन्यायाचं आहे. एक शिक्षक, दोन-तीन इयत्ता, शिवाय जनगणना, निवडणूक, पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती, एवढ्यात मूल निरखायला वेळ कुठून येणार? पूरक मार्गदर्शनाचा तास वेळापत्रकात कुठे बसवायचा, हेही बहुतेक ठिकाणी शाळेवरच सोडलं गेलं. म्हणजे कायद्यातलं ‘करू नका’ तेवढं अमलात आलं आणि ‘करा’ राहून गेलं. नववीत गेलेल्या मुलाला वाचता येत नाही म्हटल्यावर राग निघाला तो पास करण्यावर.

आठवीपर्यंतचं हे धोरण टप्प्याटप्प्याने मागे घ्यावं, ही शिफारस कायदा लागू झाल्यानंतर काही वर्षांतच पुढे आली. जानेवारी २०१९ मध्ये संसदेत दुरुस्ती मंजूर झाली : पाचवी आणि आठवीला परीक्षा, नापास झाल्यास जादा शिकवणी, दोन महिन्यांत फेरपरीक्षा, आणि तरीही जमलं नाही तर मागे ठेवायचं की नाही हे राज्याने ठरवायचं. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले आणि २०२३-२४ पासून ही परीक्षा सुरू केली. केंद्राने आपल्या शाळांसाठी डिसेंबर २०२४ मध्ये तसंच केलं. आता शिस्त आली, असं पालकांचा एक मोठा वर्ग मानतो. त्यांची काळजी खोटी नाही. पण दहा वर्षांच्या मुलाला त्याच वर्गात परत बसवताना शाळेकडे नवीन असं काय असणार आहे, याचं उत्तर या बदलात जादा शिकवणीपलीकडे सापडत नाही. आणि जादा शिकवणी २०१० मध्येही होतीच.

या काळात बाकीचे प्रयत्न तुकड्यातुकड्यांनी होत राहिले. दहावीसाठी जुलैमधली फेरपरीक्षा आली, त्यामुळे वर्ष वाया जायचं थांबलं. माझ्या मते मुलांच्या आत्मविश्वासासाठी मंडळाने केलेलं सर्वांत उपयोगी काम हेच. दहावीच्या गुणपत्रिकेवरचा नापासाचा शेरा गेला. मुलाचा ओढा कोणत्या क्षेत्राकडे आहे हे पाहणारी कल चाचणी २०१६ पासून काही वर्षं झाली. टाळेबंदीत, २०२० मध्ये, केंद्राने विद्यार्थ्यांसाठी मानसिक आधाराची हेल्पलाइन सुरू केली.

दरम्यान २०२२ च्या राष्ट्रीय नोंदींनुसार देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवलं. त्यांत महाराष्ट्रातले १,७६४, म्हणजे राज्यांत सर्वाधिक. यात महाविद्यालयीन तरुणही आहेत आणि प्रत्येक मृत्यूमागे परीक्षाच होती असं नाही, तरी राज्याला हा आकडा बाजूला सारता येणार नाही.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायचं आहे. शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण वर्षातून किमान दोनदा व्हायचं आहे. आपल्याकडच्या वाड्यावस्त्यांवरच्या जिल्हा परिषद शाळांचा पट बहुधा शंभराच्या आतच असतो. त्यामुळे तिथे समुपदेशक नेमला जाणार नाही, ते काम आहे त्याच गुरुजींकडे किंवा बाईंकडे येणार. सूचनांच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवायला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमायच्या आहेत. वर्षातल्या त्या दोन प्रशिक्षणांत काय शिकवलं जातं आणि त्यासाठी शिक्षकांची कोणती कामं कमी केली जातात, हे या समित्यांनी सर्वांत आधी विचारायला हवं.